फायनल फँटसी ७ रिमेक: आठव्या चॅप्टरला अडकलोय, सोडून जुनाच गेम लावू का?

अर्धवट_सेव्ह

मंडळी, सल्ला पाहिजे. जुना फायनल फँटसी ७ हा माझा लहानपणचा सगळ्यात लाडका गेम. आम्ही तो पीसीवर खेळलो, १९९८ ला आलेलं व्हर्जन, ज्यात म्युझिक मिडीचं, म्हणजे कॉम्प्युटरी सुरांचं होतं आणि तरी आम्हाला ते जगात भारी वाटायचं. कंट्रोल ताईकडे, मी शेजारी बसून डायलॉग वाचायचो. गेममध्ये कुणाला आवाजच नव्हता, नुसते निळे डबे आणि त्यात अक्षरं, त्यामुळे टोळीतल्या बॅरेटचा आवाज ताई काढायची आणि हिरो क्लाउड माझ्याकडे. टिफा आणि एरिथ या हिरॉइनींवरून भांडणं व्हायची ती वेगळीच.

आता इतक्या वर्षांनी त्याचा रिमेक, म्हणजे नव्याने बनवलेला तोच गेम, घेतला. शिनरा कंपनीचा पहिला रिअॅक्टर (माको नावाची ऊर्जा काढणारा कारखाना) उडवला तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. तो कॅमेरा वर जातो, अख्खं मिडगार शहर दिसतं, ते म्युझिक चालू होतं, बस्स. पण नंतर काय झालं कळेना, तिसऱ्या चॅप्टरला कुणाची मांजरं शोध, आठव्या चॅप्टरला कुणाची पोरं शोध, मधेच फटीतून अंग चोरून हळूहळू सरकत जा, आणि प्रत्येक जण माझ्याशी इतकं बोलतोय की मी कंट्रोलर ठेवून मोबाइल बघायला लागतो. शिवाय बॅरेट बोलायला लागला की मला तो परका वाटतो, कारण माझ्या डोक्यात बॅरेट म्हणजे ताईचा घोगरा आवाज. याला इलाज नाही हे मला माहितीये.

प्रश्न दोन. एक, सध्या आठव्या चॅप्टरला आहे, पुढे गाडी पळते का, का इथंच थांबून जुना गेम परत लावू? आणि दोन, फायटिंग माझ्याच्यानं होत नाहीये, सगळं एकदम चालू असतं, तर क्लासिक मोड लावला तर गेमची मजा जाते का? शेवटाबद्दल प्लीज कुणी काही सांगू नका, जुना शेवट माहितीये पण इथं काहीतरी बदललंय एवढंच ऐकलंय.

माकोचं_पाणी

सोडू नकोस रे. एकूण १८ चॅप्टर आहेत आणि त्यातले तिसरा, आठवा, नववा आणि चौदावा म्हणजे साइड क्वेस्टचे, फुटकळ कामांचे अड्डे, तू नेमका दुसऱ्या अड्ड्यात बसलायस. ती कामं नाही केलीस तरी गोष्टीचं काही अडत नाही. आठव्यातल्या कामांवर पुढे वॉल मार्केट नावाच्या वस्तीत एरिथ कुठल्या ड्रेसमध्ये येते ते ठरतं आणि थोडीफार बक्षिसं मिळतात, बाकी फार काही नाही. गेम संपल्यावर चॅप्टर सिलेक्ट उघडतो, तेव्हा परत येऊन मांजरं, पोरं काय शोधायची ती शोध. नववा चॅप्टर म्हणजे वॉल मार्केट, आणि तिथून मग तू मोबाइलला हात लावणार नाहीस ही माझी गॅरंटी.

बाकी सगळे बडबडीला नावं ठेवतात पण माझं मत उलटं आहे. आपल्या बॉम्बवाल्या टोळीतली जेसी आठव. जुन्या गेममध्ये जेसी म्हणजे काय होती? रिअॅक्टरमधून पळताना पाय अडकतो, ट्रेनमध्ये स्क्रीनवर मिडगारचा नकाशा दाखवते, आणि नंतर शहराचा वरचा मजला (प्लेट) पेलणाऱ्या त्या खांबाच्या जिन्यावर मरते. संपलं. चार-पाच डबे डायलॉग. ती मेली तेव्हा मला वाईट वाटलं होतं असं मी लोकांना सांगत फिरायचो, पण खरं तर वाईट वाटायला तिथं फार काही ठेवलेलंच नव्हतं, वाईट वाटलं ते म्युझिकमुळे. रिमेकमध्ये चौथ्या चॅप्टरला तू तिच्या आईवडलांच्या घरी जातोस ना, वर प्लेटवर, आणि आई बाहेर पाहुणचार करतेय आणि आतल्या खोलीत बाप पडलेला, शिनराच्या नोकरीत माकोनं त्याची ती गत झालीये, ते बघितल्यावर ही पोरगी बॉम्ब का बनवते हे कुणी भाषण न देता कळतं. ती आधी नटी व्हायला निघाली होती हे पण तिथंच कळतं. हे जुन्यात कुठं होतं?

आणि हेल हाऊस! जुन्या गेममधलं ते हातपाय फुटलेलं घर आठवतंय का, सेक्टर ६ मध्ये चालता चालता मधेच यायचं, मारायचं आणि पुढं जायचं, कुणी विचारलं पण नाही की घराला पाय का आहेत. त्या येड्या घराला या लोकांनी काय करून ठेवलंय ते बघच. जास्त बोलत नाही.

जुनी_डिस्क

माकोच्या पोस्टला अर्धं अनुमोदन. जेसीचं खरं आहे. पण जे घालवलंय त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

जुन्या गेममध्ये मिडगार संपेपर्यंत खलनायक सेफिरॉथ दिसतच नाही. नाव तेवढं कानावर येतं. शिनराच्या बिल्डिंगमध्ये आपण कोठडीत झोपतो, जाग येते तर दार उघडं, बाहेर पहारेकरी मेलेला, आणि जमिनीवर रक्ताचा पट्टा. त्या पट्ट्यामागं मजले चढत जायचं, म्युझिक तसलं, आणि वर शिनराचा अध्यक्ष स्वतःच्या टेबलावर पालथा, पाठीत ती भली लांब तलवार. हे केलं कुणी ते दिसत नाही. पुढे मिडगारच्या बाहेर दलदलीत तो अजस्र साप ज्याला आपण घाबरून चोकोबो पक्ष्यावर बसून पळून जातो, तसलाच एक साप पलीकडे झाडावर टोचून ठेवलेला. तिथंही तो माणूस नाहीच. मी लहान असताना त्या सापाकडे बघून कळलं की आपलं काही खरं नाही. राक्षस न दाखवता भीती कशी घालायची याचा धडाच होता तो.

रिमेकमध्ये हाच इसम दुसऱ्या चॅप्टरला समोर उभा राहून कानात बोलतो. आणि तो रक्ताचा पट्टा? जांभळा चिखल केलाय त्याचा. मान्य आहे की सेफिरॉथ कोण हे आता जगाला माहितीये, लपवून काय उपयोग, ही कंपनीची बाजू मला कळते. पण मग भीतीच्या जागी दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं, दिलं काय तर एन्ट्री. दर दोन-तीन तासांनी एन्ट्री.

आणखी एक, सात नंबरची प्लेट पडते तो सीन. जुन्यात प्लेट पडत असताना शिनराचा अध्यक्ष काचेपाशी शांत उभा राहून बघतोय आणि मागे पाश्चात्य क्लासिकल कोरस चालू आहे. खाली माणसं चिरडली जातायत आणि वर कोरस. रिमेकमध्ये तो प्रसंग खूप मोठा केलाय, लोकांना बाहेर काढताना दाखवलंय, माणसं वाचतात, रडारड आहे, दिसायला जबरदस्त आहे, आणि तरी मला जुना जास्त लागला.

२००५ ला ओपनिंगचा डेमो दाखवून जीव टांगणीला लावला, २०१५ ला घोषणा, २०२० ला गेम, आणि एवढं करून हातात काय तर मिडगार. जुन्यात जे पहिल्या डिस्कच्या निम्म्यात उरकतं. असो.

अर्धवट_सेव्ह, तुम्ही जुनाच लावा.

उशिरा_आलेली

मी उलट्या बाजूने आलेय म्हणून लिहिते. मी लहानपणी हा गेम खेळलेच नाही, आमच्याकडे तेव्हा गेम वगैरे काही नव्हतं, मी थेट रिमेकपासून सुरुवात केली आणि नंतर उत्सुकता म्हणून जुना खेळले, स्विचवरचा. त्यामुळे माझ्याकडे आठवणी नाहीत, दोन्ही गेम मी मोठी झाल्यावरच बघितलेत.

तर जुन्याबद्दल मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो स्पीडचा. काय पळतो तो गेम! रिमेकमध्ये जिथं माझा अख्खा वीकेंड गेला ते तिथं चहा होईपर्यंत संपतं. कोण आलं, काय बोललं, स्फोट, ट्रेन, चर्च, पुढे. मी म्हटलं अरे थांबा जरा. आणि मिडगारमधून बाहेर पडल्यावर एकदम तो वर्ल्ड मॅप उघडतो आणि एवढं मोठं शहर मागे एक काळपट ठिपका होऊन राहतं, ते बघून मात्र मी खरंच उठून उभी राहिले. रिमेकमध्ये हा क्षण येऊच शकत नाही कारण तो तिथं संपतोच. जुनी_डिस्क, तुमच्या यादीत हे पण घाला.

पण उगाच सगळं जुनं ते सोनं पण नाहीये हां. जुन्यात दार कुठंय आणि भिंत कुठंय हे मला कळायचं नाही, मागचं सगळं रंगवलेलं चित्र आणि त्यावर ठोकळ्यांची माणसं, मी पाइपावर चढायच्या ऐवजी पाइपाला धडकत बसायचे. मग कळलं की सिलेक्ट दाबलं की बाहेर जायच्या जागांवर बाण येतात. आणि पहिल्याच बॉसला, तो विंचू, क्लाउड सांगतो शेपटी वर असताना हल्ला कर, मी शहाण्यासारखा केला आणि त्यानं लेझर मारून मला भाजून काढलं! पुढच्या डब्यात येतं की तो उलटा वार करेल. हे आधी सांगायला काय झालं होतं? तुम्हा लोकांना हे पण गोड वाटत असणार.

अर्धवट_सेव्हना एक सांगते, परत जुना लावणार असाल तर नवीन व्हर्जनमध्ये तिप्पट स्पीड करता येतो आणि रँडम फाइट बंद करता येतात. मी शिनराच्या जिन्यात ते बटण दाबलं आणि कुणाला सांगितलं नाही, आज सांगतेय.

अर्धवट_सेव्ह

सगळ्यांना धन्यवाद, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. पोरं शोधायची सोडून दिली आणि सरळ पुढे निघालोय. विंचवाच्या शेपटीला आम्ही पण भाजलो होतो, ताईनं त्याचा दोष माझ्या वाचनाला दिला होता 😄

जुनी_डिस्क, सापाचं वाचून लगेच आठवलं. पण एक विचारू का, तुम्ही म्हणता रिमेकने भीती घालवली, मला तर वाटतंय की माझ्याच वयानं घालवली. आता जुना लावला तर तो साप बघून मला काही होईल का? मला कळतंय त्याच्या पुढे काय आहे.

आणि फायटिंगचं कुणीच बोललं नाही.

मटेरियाचा_हिशोब

फायटिंगचं मी बोलतो, बाकीच्यांना रडून होऊ दे.

क्लासिक मोड खुशाल लाव. त्यात तुझी माणसं आपली आपण मारतात, अडवतात, हलतात, आणि तू फक्त एटीबी (हळूहळू भरणारी पट्टी) भरला की कमांड द्यायची, म्हणजे जवळजवळ जुन्यासारखंच. गोची अशी की २०२० च्या पीएस४ वरच्या गेममध्ये क्लासिक म्हणजे सोप्या लेव्हललाच चालायचा, आणि सोपं म्हणजे फारच सोपं, बॉस फुंकरीनं पडतात. २०२१ ला जे इंटरग्रेड हे सुधारित व्हर्जन आलं त्यात नॉर्मलला पण क्लासिक लावता येतं. पीसीवर पण इंटरग्रेडच आहे. तुझ्याकडे ते असेल तर तोच मोड घे, प्रश्न मिटला.

पण त्याआधी एकदा नॉर्मल नीट समजून घे, कारण मला वाटतं तू तो मारामारीचा गेम समजून नुसता चौकोन बडवतोयस. तो गेम आतून अजून टर्न-बेस्डच, म्हणजे पाळीपाळीनं चाल द्यायचाच, आहे रे. चौकोन बडवायचा तो एटीबी लवकर भरावा म्हणून, खरा मार कमांडनीच बसतो. औषध प्यायला पण एटीबी लागतो, त्यामुळे पट्टीचा एक डबा कायम शिल्लक ठेवायचा, सगळा उधळायचा नाही. दुसरं म्हणजे शत्रू बहुतेक वेळा तू ज्याला चालवतोयस त्याच्याच मागं लागतो. एरिथला जादू करायचीये तर तू क्लाउड पकडून मार खात बस आणि कमांड मेन्यूतून एरिथला दे. लोक एरिथला हातात घेऊन जादू करायला जातात, मधेच दणका बसतो, जादू पण वाया आणि एमपी (जादूची ताकद) पण वाया. तिसरं, क्लाउडचा पनिशर मोड. त्रिकोण दाबला की तो हळू चालतो पण समोरून कुणी अंगावर आला आणि तू गार्ड धरलास की आपोआप उलटा वार करतो. तलवारवाल्यांना हा एवढाच पुरतो. जादू आणि गोळ्या मात्र त्यात अडत नाहीत.

आणि असेस मटेरिया (शत्रूची कमजोरी सांगणारा जादूचा गोळा) कुणाच्या तरी अंगावर कायम ठेव. प्रत्येक नव्या शत्रूवर एकदा मारायचा, तो कशानं दबतो ते लिहून येतं, मग त्याचा स्टॅगर बार भरून तो गडबडला की एटीबी साठवून ठेवलेला सगळा तेव्हा ओतायचा. हे एकदा डोक्यात बसलं की हा गेम जुन्यापेक्षा सरस आहे असं मी म्हणेन, शिव्या खायची तयारी आहे.

जुनी_डिस्क

शिव्या नाही देत पण मटेरियाचा हिशोब नाव घेऊन हे लिहिलंस म्हणून विचारतो, ऑल मटेरियाचं काय झालं? जुन्यात फायरला ऑल जोडला की सगळ्या शत्रूंवर एकदम, आणि असे ऑल हवे तेवढे जमवा, एक मास्टर झाला की त्यातून दुसरा कोरा जन्माला येतो, आणि मास्टर झालेला विकला तर १४ लाख गिल (गेममधले पैसे)! आम्ही त्यावर श्रीमंत झालो. रिमेकमध्ये त्याच्या जागी मॅग्निफाय आणि तो अख्ख्या गेममध्ये एक. एकच. भिकारी करून सोडलं.

मटेरियाचा_हिशोब

एकच आहे म्हणूनच मजा आहे ना! कुणाला द्यायचा, आगीला जोडायचा का क्युअरला जोडून सगळ्यांना एकदम बरं करायचं, विचार करावा लागतो. जुन्यात तिसऱ्या डिस्कपर्यंत सगळ्यांकडे सगळं असायचं, क्लाउड काय आणि बॅरेट काय, फरक फक्त हत्याराचा. रिमेकमध्ये उडणारा शत्रू आला की बॅरेटशिवाय पान हलत नाही आणि टिफा स्टॅगर झाल्यावर जे करते ते दुसरं कुणी करू शकत नाही. माणसागणिक हात बदलावा लागतो.

नुसता_वाचक

बरेच दिवस हा धागा नुसता वाचत होतो. अर्धवट_सेव्हच्या प्रश्नाला, की भीती गेमनं घालवली का वयानं, कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून माझे दोन पैसे. जुना गेम संपवलेल्यांसाठीच लिहितोय, बाकीच्यांनी पुढच्या पोस्टला जा.

हा गेमच मुळात चुकीच्या आठवणींचा आहे. क्लाउड काल्म गावात बसून सगळ्यांना एवढी मोठी हकिगत सांगतो, मी सोल्जर (शिनराचा खास सैनिक) होतो, मी तिथं होतो, आणि आपण ते खेळतो पण त्याच्या हातून, आणि खूप नंतर कळतं की त्या हकिगतीत तो जिथं स्वतःला उभा करतोय तिथं दुसराच माणूस होता. टिफाला सुरुवातीपासून शंका असते आणि ती गप्प बसते. लहानपणी मला हा भाग धड कळलाच नव्हता, मोठेपणी परत खेळलो तेव्हा कळला, आणि टिफा गप्प का बसली हे तर रिमेकमध्ये तिचा चेहरा नीट दिसतो तेव्हा कळलं. क्लाउड काही जुनं बोलला की ती किंचित थांबते. जुन्या मॉडेलला तोंडच नव्हतं, ते कुठून दिसणार.

तर मग ज्या गेमचा हिरो आठवणीत स्वतःला मोठं करून बसलाय, त्याचा रिमेक आपल्या आठवणीशी खेळणार नाही तर कुणाशी खेळणार? ते करड्या कापडासारखे भुतं फिरतात ना, व्हिस्पर्स, गोष्ट जरा जुन्या रस्त्यावरून घसरली की येऊन ढकलून परत रुळावर आणतात, ते म्हणजे मला तरी आपणच वाटतो. जुनी_डिस्क, रागवू नका, तुम्ही त्यातले सरदार आहात.

त्यामुळे माझं उत्तर, आधी रिमेक संपवा, मग जुना लावा. जुना परत बघताना तुम्हाला साप घाबरवणार नाही, पण दुसरंच काहीतरी लागेल जे तेव्हा दिसलं नव्हतं.

जुनी_डिस्क

सरदार पद मान्य. पण भूत होऊन सांगतो, व्हिस्पर्सचा आयडिया कागदावर हुशार आहे, खेळताना मात्र दर वेळी ते आले की मला लेखक पडद्याआडून डोकावून "बघा बघा, आम्हाला माहितीये तुम्हाला माहितीये" म्हणतोय असं वाटतं. चांगल्या चाललेल्या सीनमध्ये. टिफाच्या चेहऱ्याचं मात्र पटलं, तिथं मला उत्तर नाही.

माकोचं_पाणी

आणि २०२४ ला रिमेकचा पुढचा भाग रिबर्थ आला त्यात ती काल्मची हकिगत सुरुवातीलाच आहे, आणि तिथं टिफाचं ते गप्प बसणं आणखी टोचतं. ती गोष्ट पहिल्या डिस्कच्या शेवटी जाते. तिथं काय होतं ते आपण सगळे जाणतो आणि नाव कुणी घेत नाही, घेऊ पण नका, अर्धवट_सेव्हला अजून पोचायचंय. तिसरा भाग अजून यायचाय.

अर्धवट_सेव्ह

अपडेट. वॉल मार्केटला पोचलो, माकोची गॅरंटी वसूल, मोबाइल बाजूला राहिला. क्लासिक न लावता नॉर्मललाच आहे, पनिशर आणि एटीबी शिल्लक ठेवायचं बऱ्यापैकी जमतंय. ताईला व्हिडिओ कॉल लावून वॉल मार्केट दाखवलं, ती हसून हसून गडबडा लोळली आणि म्हणाली बॅरेट कसा बोलतो ते दाखव. दाखवला. म्हणाली माझा बरा होता.

ते हेल हाऊसचं पण आता कळलं. माको, तू हे आधी नीट सांगायला पाहिजे होतंस! घर उडतंय रे! आणि मधेच एक कवच घेतं की तलवार नुसती वाजते. तीनदा मेलो म्हणा, जास्तच म्हणा. काय करू?

मटेरियाचा_हिशोब

तिथं क्लाउड आणि एरिथ दोघंच असतात, त्यामुळे फायर, आइस, लाइटनिंग आणि विंड हे चारही मटेरिया दोघांत मिळून असलेच पाहिजेत, जास्त एरिथकडे. घराचा रंग बघ. लाल झालं की बर्फ मार, निळं झालं की आग, हिरवं असताना वीज आणि पिवळं असताना वारा. चुकीची जादू मारलीस तर फुकट जाते. कवच घेतलं की तलवारीनं बडवत बसू नकोस, लांब राहा, जादूनंच उघड. तू क्लाउड घेऊन पळत राहा आणि कमांडनं एरिथकडून मारून घे, कारण ते घर तुझ्याच मागं येणार.

उडायला लागलं की थोडा वेळ गार्ड धरून गप्प बस, तेव्हा फार हिरोगिरी नको. आणि लिमिट ब्रेक (मोठा खास वार) राखून ठेव, पडून स्टॅगर झालं की मगच.

उशिरा_आलेली

आणि आत जायच्या आधी बाकावर बसून एचपी (जीव) आणि एमपी भरून घ्या, बेंच आहे तिथं, मी तशीच गेले होते.